अकरा पायऱ्यांचा पूल आणि वीस फुटांचा रॅम्प

पत्र: "आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठावर. नदीवर जुना लोखंडी पायपूल आहे. दगडी पिलरवर तीन गाळे, लांबी साठ मीटरच्या आसपास, कठड्यांच्या आत रुंदी चार फूट. आमच्या बाजूने चढायला अकरा पायऱ्या, पलीकडे सात. दवाखाना, हायस्कूल, एसटीचा थांबा सगळं पलीकडे. माझे चुलत दीर व्हीलचेअरवर असतात, त्यांना दोघं जण उचलून चढवतात. दहावीतला एक मुलगा अंध आहे, काठी टेकत जातो. म्हाताऱ्या माणसांनी तर पलीकडे जाणंच सोडलंय. बचत गट आणि तरुण मंडळाने मिळून एक लाख ऐंशी हजार रुपये वर्गणी जमवली. ठेकेदार म्हणतो, एवढ्यात दोन्ही बाजूंना वीस-वीस फुटांचे सिमेंटचे रॅम्प करतो आणि पुलावरच्या गंजलेल्या पत्र्यावर दोन इंच काँक्रीटही ओततो. पण रॅम्प झाला की मोटारसायकली सुटतील ही भीती आहे. आताच पोरं फळी टाकून गाड्या चढवतात. आम्ही काय करावं?" (एक वाचक भगिनी, पाटण तालुका)

ताई, ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर तूर्त देऊ नका. तो फसवतोय असे आमचे म्हणणे नाही. पण त्याने सांगितलेल्या दोन कामांपैकी पहिल्याने तुमच्या दिरांच्या उपयोगाचा नसलेला रॅम्प तयार होईल आणि दुसऱ्याने पूलच धोक्यात येईल. वर्गणीला याहून मोलाचे काम आहे, ते पुढे सांगतो.

आधी उताराचे गणित पाहू. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यता मानकांत रॅम्पचा उतार एकास बारा धरला आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या अकरा पायऱ्या साडेसहा इंची (१६५ मिलिमीटर) धरल्या तर एकूण चढ सुमारे १.८१ मीटर होतो. जुन्या पायऱ्या एकसारख्या कधीच नसतात, तेव्हा एक मोजून अकराने गुणू नका, सगळी उंची एकदम मोजा. १.८१ ला बाराने गुणले की जवळजवळ २२ मीटर नुसता उतार लागतो. तो एका दमात चढवता येत नाही. चढ पाऊण मीटरच्या पुढे जाण्याआधी दीड मीटर लांबीचा सपाट टप्पा हवा, तिथे माणूस हात मोकळे करतो आणि चाक मागे घसरत नाही. तुमच्याकडे साधारण सव्वासात मीटरचे तीन उतार, मधे दोन सपाट टप्पे, वर एक आणि खाली एक असा हिशेब बसतो. सगळे मिळून २८ मीटर, म्हणजे ९० फुटांच्या वर.

हाच चढ वीस फुटांत उरकायचा तर उतार एकास साडेतीनच्याही आत येतो. ८० किलोचा माणूस आणि २० किलोची खुर्ची धरली तर एकास बाराच्या उतारावर ढकलणाऱ्याला सुमारे ८ किलोचा जोर लावावा लागतो. ठेकेदाराच्या रॅम्पवर तोच जोर २८ किलोच्या पुढे जातो, आणि तोही पावसात शेवाळलेल्या सिमेंटवर. उतरताना हात सुटला तर खुर्ची सरळ नदीच्या वाटेवर जाते. आज दोघे जण दिरांना उचलतात, ते या रॅम्पपेक्षा सुरक्षित आहे.

नव्वद फूट ऐकून घाबरू नका. तीन उतार नागमोडी वळवून शेजारीशेजारी बसवले तर साडेदहा मीटर लांब आणि साडेचार मीटर रुंद जागा पुरते. पण त्याआधी एक गोष्ट तपासा, ती बहुतेक वेळा सुटते. नदीकाठच्या गावांत वाट उतरत-उतरत पायऱ्यांच्या तळाशी येते आणि मग पायऱ्या पुन्हा वर पुलावर नेतात. म्हणजे जी उंची आपण तळाशी गमावली तीच पायऱ्यांनी परत मिळवायची असते. पुलाची पातळी आणि काठापासून तीस-चाळीस मीटर मागच्या वाटेची पातळी जवळपास सारखी निघाली, तर रॅम्प नको. मागूनच एक सौम्य वाट काढून थेट पुलाला जोडता येते.

हे पाहायला सर्वेअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी वीस-पंचवीस मीटर घ्या आणि पाण्याने भरा. आत बुडबुडा राहू देऊ नका, एका बुडबुड्याने दोन-दोन इंचांची चूक होते. पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर पातळी चांगली दिसते. नळीचे एक टोक पुलाच्या पत्र्याच्या पातळीला धरा, दुसरे टोक मागे वाटेवर रोवलेल्या काठीला. पाणी स्थिर झाले की काठीवर खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. मग पुलाकडचे टोक जागेवर ठेवून पुढची काठी. दर पाच मीटरला एक खूण घेतली की अर्ध्या दिवसात काठाचा उभा नकाशा कागदावर येतो. पलीकडच्या बाजूला तर हे आवर्जून करा. सात पायऱ्यांचा चढ सव्वा मीटरच्या आतच आहे, एकास वीसच्या उताराने काठालगत २३ मीटरची वाट काढली की काम झाले. ती हाताने खुर्ची चालवणारा माणूस दमछाक न होता चढतो.

रॅम्प कशाचा करावा? दोन भिंती उभारून मधे माती भरायची आणि वर काँक्रीट टाकायचे, ही आपल्याकडची नेहमीची रीत. कोयनाकाठी ती दोन कारणांनी बिघडते. काठाची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर भिंती तडकतात. आतला भरावही पहिल्याच पावसाळ्यात दबतो, आणि पूल जागेवर राहिल्यामुळे दोघांच्या सांध्यात इंच-दीड इंचाची पायरी पडते. तेवढ्या पायरीने व्हीलचेअर थांबते. दुसरे कारण पुराचे. भरीव भिंत पाण्याला आडवी येते, पाणी तिला वळसा घालून काठ खाते, आणि तो काठ पुलाच्या शेवटच्या आधारभिंतीचा असतो. म्हणून उघड्या लोखंडी खांबांवरचा रॅम्प मागा. खालून पाणी निघून जाईल, सुटे भाग नटबोल्टने जोडलेले असतील आणि सगळे लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइझ केलेले (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) असेल, म्हणजे पुरात एखादा तुकडा वाकला तर तेवढाच बदलता येतो. खांबांची संख्या आणि माप अभियंत्याने ठरवायचे, फॅब्रिकेशनवाल्याने नाही. जागा निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती उघड्या खांबांच्या कामाला मिळणे सोपे जाते.

आता पुलाकडे वळू. तुमच्या पत्रात रॅम्पची काळजी आहे तितकी पुलाची नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पायपूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. वाट सुलभ झाली की पुलावर माणसे वाढणार. आजवर जे पलीकडे जात नव्हते तेही जाणार. ज्यांच्यासाठी हे सगळे करायचे, त्यांनाच कमकुवत पुलावर आणून उभे करायचे नसेल तर तपासणी आधी झाली पाहिजे.

पत्र्यावरच्या दोन इंच काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे १२० किलो होते. पायपुलावर माणसांचा भार चौरस मीटरला ४०० किलो धरतात, गर्दीच्या जागी ५००. तुमच्या पुलाचे क्षेत्रफळ ७२-७३ चौरस मीटर, म्हणजे साडेआठ टनांहून जास्त ओझे कायमचे बसले. माणसांसाठी ठेवलेल्या ताकदीपैकी तीस टक्के सिमेंटने खाल्ली, तीही पूल नवा असताना जेवढी होती त्यातून. शिवाय काँक्रीट आणि पत्रा यांच्यामधे पाणी अडकून राहते. वरून सगळे चकचकीत दिसते आणि खालून पत्रा कुजतो, कुणाला दिसतही नाही. गंज झाकायचा नसतो. तो खरवडून काढायचा, आणि पत्रा पातळ झाला असेल तर बदलायचा.

तपासणी अभियंत्याचीच, पण त्याला बोलावण्याआधी गावाने स्वतः पाहून नोंदी ठेवल्या तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. पाहायचे ते असे. खालच्या लांब पट्ट्या आणि उभे-तिरके लोखंड जिथे जोडपट्टीवर एकत्र येते, तिथे खोबणीत पाला, माती, पक्ष्यांची घाण साचते आणि ओल वर्षभर राहते. तिथले लोखंड सगळ्यात आधी जाते. खोबणी साफ करून हातोडीने हलके ठोका. घट्ट लोखंड टणटणते, कुजलेले बद वाजते आणि पापुद्रे निघतात. दोन पट्ट्यांच्या मधे गंज फुगून त्या एकमेकींपासून फाकल्या असतील तर फोटो काढा.

पुलाला जुने रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेल्या गोल डोक्याच्या खिळी, असतील तर रिव्हेटच्या डोक्याच्या एका कडेला बोट ठेवा आणि दुसऱ्या कडेला छोट्या हातोडीने टिचकी मारा. घट्ट रिव्हेट बोटाखाली निर्जीव राहतो. सैल झालेला बारीक थरथरतो, आणि ती थरथर बोटाला स्पष्ट कळते. डोक्याखालून तांबूस ओघळ आलेले रिव्हेट तर नुसते पाहूनच ओळखू येतात. खडूने गोल करा, गाळ्याचा क्रमांक लिहा, वहीत मांडा.

पिलरच्या पायाशी, पाणी सर्वात कमी असताना, प्रवाहाच्या वरच्या अंगाला पहार घालून पाहा. पुराचे पाणी पिलरच्या नाकाशी आपटून खाली भोवरा करते आणि पायाखालची वाळू-गोटे उकरून नेते. पहार दगडाखाली सहज आत गेली तर ती गंभीर बाब आहे, त्याच दिवशी कळवा. दगडांच्या सांध्यात पिंपळ-उंबर उगवले असतील तर ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगड सुटतो. बुंध्याशी कापून उरलेला खुंट पुन्हा फुटणार नाही असा मारावा लागतो. सांधे जुने चुन्याचे असतील तर त्यात निव्वळ सिमेंट भरू नका. घट्ट सिमेंट ओल आत कोंडते आणि दगडाचा दर्शनी भाग सोलवटतो.

ही वही घेऊन अभियंता गाठा. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, सांगलीत वालचंद महाविद्यालय आहे. दोन्हीकडे स्थापत्य विभाग आहे, लेखी पत्र देऊन विचारा. अहवालात तीन गोष्टी मागून घ्या: लोखंडाची आज उरलेली जाडी, एका वेळी पुलावर किती माणसे चालतील हा आकडा, आणि दुरुस्तीचा क्रम. तुमच्या एक लाख ऐंशी हजारांतला पहिला खर्च इथे, या तपासणीवर आणि आराखड्यावर करा. आराखडा आणि अंदाजपत्रक हातात असलेल्या गावाला निधी मागताना जी किंमत मिळते ती रिकाम्या हाताने गेलेल्या गावाला मिळत नाही. अहवालाने पूल धोकादायक ठरवला तर मात्र दुरुस्तीपर्यंत तो बंद ठेवावा लागेल. ते अवघड आहे, पलीकडे दवाखाना आहे हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही तडजोड करू नका.

पूल ठीक निघाला असे धरून पुढे जाऊ. जुन्या लोखंडावर वेल्डिंग सरसकट करू नका. ते कोणत्या जातीचे आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि काही जुने लोखंड वेल्डच्या कडेने चिरते. पुलाच्या मुख्य पट्ट्यांना भोकेही पाडू नका. कठड्याच्या नव्या पाइपांचे पाय यू-बोल्टच्या पकडीने बसवता येतात.

पत्र्यांची निसरड घालवायला गंज वायरब्रशने पूर्ण काढा, झिंक प्रायमर द्या, त्यावर इपॉक्सी, आणि ती ओली असतानाच तिच्यावर एकसारखी भरड सिलिका वाळू पसरा. वाळल्यावर सुटी वाळू झाडून आणखी एक हात. हे काम कोरड्या हवेतच होते. पत्रा सकाळी दवाने ओला असेल तर थांबा, नाहीतर पावसाळ्यात पापडासारखे थर सुटतील.

आता सांधा. सगळ्या कामात हीच जागा सर्वात लहान आणि सर्वात जास्त चुकणारी. लोखंड उन्हात वाढते. वीस मीटरचा गाळा, थंडीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला तर सात मिलिमीटरने लांब होतो. म्हणून गाळ्याच्या टोकाला फट मुद्दाम ठेवलेली असते आणि ती राहिलीच पाहिजे. रॅम्पचे काँक्रीट पुलाला भिडवून ओतले तर पूल त्याला ढकलतो, मग रॅम्प तरी फुटतो नाहीतर पिलरच्या माथ्यावरचा दगड सरकतो. पण त्याच फटीत व्हीलचेअर अडकते. पुढचे छोटे चाक जेमतेम इंचभर रुंद असते. वीस मिलिमीटरच्या फटीत ते सरळ आत उतरते, खुर्ची जागच्या जागी थबकते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. काठीचे टोकही तिथेच रुतते. उपाय सोपा आहे. फटीवर सहा मिलिमीटर जाडीचा, फूटभर रुंद चेकर्ड (उंचवट्यांच्या नक्षीचा) पत्रा आडवा टाका. त्याची एकच कड घट्ट करा, दुसरी मोकळी सरकू द्या, आणि दोन्ही कडा घासून उतरत्या करा म्हणजे चाकाला ठोकर लागणार नाही. पुलावर इतरत्र कुठेही बारा मिलिमीटरपेक्षा मोठी फट किंवा भोक ठेवू नका. मधल्या दोन पिलरांवरचे सांधेही याच रीतीने झाका. बहुतेक ठिकाणी काठावरचे दोनच झाकतात आणि मधले विसरतात.

चार फूट रुंदी चालेल, १२०० मिलिमीटर हे किमान माप आहे आणि तुमचे त्याहून थोडे जास्तच आहे. कठड्याचे नवे पाइप आतल्या बाजूने जोडून ती रुंदी खाऊ नका, नवे लोखंड शक्य तितके बाहेरच्या अंगाने बसवा. समोरून दुसरी खुर्ची आली तर एकाने टोकाला थांबायचे. साठ मीटरचा सरळ पूल आहे, दोन्ही टोके दिसतात. आधारासाठी हाताने धरायचे पाइप रॅम्पच्या दोन्ही बाजूंना हवेत, एक ९०० मिलिमीटरवर आणि एक ७०० वर. खालचा पाइप खुर्चीवरच्या माणसाला आणि लहान मुलांना लागतो. जाडी मुठीत मावेल अशी, ४० मिलिमीटरच्या आसपास. पाइप उताराच्या आधी आणि नंतर फूटभर पुढे न्या, तोल जातो तो नेमका सुरुवातीला आणि शेवटी. कठड्यात आडव्या पट्ट्या नकोत, मुले त्यावर शिडीसारखी चढतात. उभ्या सळया दहा सेंटीमीटरच्या आत बसवा. रॅम्पच्या कडेला तीन-चार इंचांची उभी पट्टी द्या, म्हणजे चाक बाहेर जात नाही.

पायऱ्या तोडू नका. ठेकेदार म्हणेल, जागा मोकळी होते. पण गुडघ्याने अधू माणसाला, कुबडीवाल्याला लांब उतारापेक्षा पायऱ्या बऱ्याचदा सोप्या जातात. त्यांना दोन्ही बाजूंनी पाइप द्या आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच पिवळा पट्टा मारा. त्या विद्यार्थ्यासाठी रॅम्प आणि पायऱ्या दोन्हींच्या सुरुवातीला व शेवटाला, एक फूट आधी, ठिपक्यांच्या फरश्यांची ओळ बसवा. लांब रेषांच्या फरश्या चालायची दिशा दाखवतात, ठिपक्यांच्या थांबायला सांगतात. गवंडी उरलेल्या फरश्या कुठेही लावून टाकतो, तसे झाले तर चुकीची सूचना मिळते. बसवताना तो मुलगा तिथे हजर असू द्या.

मोटारसायकलींबद्दलची तुमची भीती खरी आहे. दोन माणसे बसलेली गाडी अडीचशे किलोच्या पुढे जाते आणि ते वजन दोन चाकांखालच्या दोन बिंदूंवर पडते. पत्रे मधे वाकतात, रिव्हेट सैल होतात आणि चार फुटांच्या पुलावर म्हातारे माणूस कठड्याला चिकटते. पण रुंदीने गाडी अडवता येत नाही. गाडीचे हँडल आणि व्हीलचेअर जवळपास सारख्याच रुंदीचे. म्हणून लोखंडी खुंट जवळजवळ रोवणारी गावे पोरांना अडवायला जातात आणि व्हीलचेअर अडवून बसतात.

फरक लांबीत आहे. गाडी दोन मीटर लांब, खुर्ची सव्वा मीटरच्या आत. त्याचा फायदा घ्या. रॅम्पच्या पायथ्याशी, मोकळ्या सपाट जागेत, दोन आडवे अडसर असे लावा की एक डावीकडून आलेला आणि दुसरा उजवीकडून. दोन्हींत दीड मीटर अंतर, आणि प्रत्येकाच्या टोकाशी ९०० मिलिमीटरची मोकळी वाट. खुर्ची वळून जाते, सायकल उतरून हाताने नेता येते, गाडीला मात्र पुढे-मागे रेटत न्यावे लागते. अडसराची उंची ९०० मिलिमीटरच ठेवा म्हणजे डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई अडकत नाही, आणि खालची दांडी जमिनीपासून फूटभराच्या आत ठेवा म्हणजे अंध माणसाच्या काठीला ती लागते. पिवळे-काळे पट्टे हवेतच.

यात एक उणीव राहते, ती आधीच सांगतो. शिबिरांत मिळते ती हाताने चालवायची तीनचाकी सायकल लांब असते, या वळणातून जाणार नाही. गावात कुणाकडे ती असेल तर एक अडसर बिजागरीवर उघडणारा करा आणि किल्ली त्या माणसाकडेच द्या. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवलेली किल्ली संध्याकाळी सहानंतर कुणाच्या कामाची नाही. आणि लोखंड कापण्याआधी हे सगळे बांबू रोवून, जमिनीवर चुन्याने रेघा मारून उभे करा आणि दिरांना त्यातून प्रत्यक्ष जाऊ द्या. वळताना खुर्ची कुठे घासते, हात कुठे आपटतो हे ते पाच मिनिटांत सांगतील. बांबू हलवायला पैसे लागत नाहीत.

आता परवानगी आणि पैसे. पूल कोणाचा हे आधी कागदावर शोधा: ग्रामपंचायतीची मालमत्ता नोंदवही, मग जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग, मग सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जलसंपदा. तोंडी टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि तीस दिवस. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय एक पत्राही हलवू नका. उद्या अपघात झाला तर जबाबदारी मंडळाच्या पोरांवर येईल.

ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात नुसते "रॅम्प बांधणे" लिहू नका, त्या दोन शब्दांत ठेकेदाराचा वीस फुटी रॅम्पही बसतो. "पायपुलाची संरचनात्मक तपासणी, आवश्यक दुरुस्ती, आणि दोन्ही काठांवर एकास बारा किंवा त्याहून सौम्य उताराची, किमान १२०० मिलिमीटर मोकळ्या रुंदीची वाट" असे मापांसकट लिहा. सोबत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान नियम नुसते शिफारसवजा नव्हेत तर बंधनकारक हवेत असे सांगितले आहे, तेही जोडा.

निधीसाठी जिल्हा नियोजन समिती आणि आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी, हे मोठे दरवाजे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्यातून पाइप, फरश्या, अडसर अशी लहान कामे जरूर मागा. मात्र सगळी रक्कम रॅम्पवर ओतायचा आग्रह धरू नका. तोच पैसा गावातल्या दिव्यांगांच्या वैयक्तिक गरजांसाठीही आहे, आणि पूल साऱ्या गावाचा आहे.

श्रमदानात काय करायचे तेही ठरवून घ्या. खोबण्या साफ करणे, काठाची झुडपे काढणे, वाटेचा मुरूम टाकून धुम्मस करणे, पट्टे रंगवणे ही कामे गावाने करावीत. खांब, बोल्ट, पाया, पुलाच्या खालचे काहीही श्रमदानात नको.

वेळेचे भान ठेवा. मोजमाप आणि कागद दिवाळीनंतर, लोखंडकाम फेब्रुवारी ते मे, मृगाच्या आधी सगळे आवरलेले. उन्हाळ्यात नदी कोरडी मिळेल हे गृहीत धरू नका. सांगलीकडच्या सिंचनासाठी कोयना धरणातून उन्हाळ्यातही पाणी सोडतात, पायथा वीजगृह पूर्ण चालू असेल तर २,१०० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) येते. पात्रात परांची बांधण्याआधी धरण व्यवस्थापनाकडून विसर्गाचे वेळापत्रक लेखी मागा आणि पात्रात उतरणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असू द्या.

पूर ओसरल्यावर रॅम्पवर बोटभर गाळ बसतो. तो ओला असतानाच फावड्याने आणि पाण्याने काढावा लागतो, दोन दिवस ऊन लागले की तो दगडासारखा होतो आणि खाली वाळूचा थरही उखडतो. हे काम कोणी करायचे, फावडी कुणाच्या घरी ठेवायची आणि पुरानंतर पुलावर पहिले पाऊल ठेवण्याआधी पिलर व सांधे कोणी पाहायचे, ती नावे ग्रामसभेच्या त्याच ठरावात लिहून घ्या.